मोठ्या गोधडीसाठी पट्ट्यांचा हिशोब: आधी पट्ट्या मोजा, मग मीटर

बाळाचं दुपटं शिवून हात बसला की पुढची उडी डबलबेडच्या गोधडीची असते, आणि तिथेच कापड कमी पडतं. शिवण चांगली असते, रंगही मनासारखे जमलेले असतात, चुकतो तो हिशोब. ‘दुपट्याला इतकं लागलं, गोधडी दुप्पट मोठी, म्हणजे दुप्पट कापड’ असं मनात धरून आपण दुकानात जातो. पण लांबी दुप्पट आणि रुंदीही दुप्पट झाली की कापड चौपट लागतं. चार ओळींत चार चौकोन म्हणजे सोळा. आठ ओळींत आठ म्हणजे चौसष्ट.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण तिच्यात गणित बरोबर येतं. सगळ्या तुकड्यांची लांबी बेरजेला घ्यायची, तिला पन्ह्याने, म्हणजे कापडाच्या रुंदीने, भागायचं आणि आलेल्या उत्तराइतकं कापड आणायचं. कागदावर पुरतं, कात्रीखाली पुरत नाही. का पुरत नाही, ते पाचव्या टप्प्यात येईल. घाई असेल तर बाकीचं भरभर वाचा, पण तो टप्पा वही-पेन्सिल घेऊन वाचा.

पूर्ण लेखात एकच उदाहरण घेतलं आहे. पाच रंगांच्या पट्ट्या जोडून केलेला दहा इंची चौकोन, एक उभा, एक आडवा असे आलटून पालटून लावलेले, भोवती बॉर्डर आणि शेवटी गोट, म्हणजे कड झाकणारी दुमडलेली पट्टी. तुमचा नमुना वेगळा असला तरी पायऱ्यांचा क्रम हाच राहील.

१. पलंग मोजा, गादी नव्हे

गादीचं माप पाठ असतं म्हणून आपण तेच धरतो. पण गोधडी गादीवरून खाली किती लोंबायला हवी, हे पलंगाजवळ उभं राहूनच ठरतं. मुंबईच्या घरांत पलंगाची एक बाजू बहुधा भिंतीला किंवा कपाटाला टेकलेली असते, आणि पलंगाखाली सामानाचे खण असतात. खण उघडताना गोधडी आड येत असेल तर त्या बाजूचं लोंबणं कमी करा.

आपलं उदाहरण: गादी ७२ × ७८ इंच. दोन्ही बाजूंना ९ इंच, पायाकडे ९ इंच, उशीकडे काही नाही. म्हणजे रुंदी ९०, लांबी ८७.

आता यात आकसणं मिळवा. धावदोरा घातला की गोधडी सगळीकडून थोडी आत ओढली जाते, आणि हाताचे टाके जितके दाट तितकी जास्त. मी शेकडा ३ धरते. रुंदी सुमारे ९३, लांबी सुमारे ९०.

दहा इंची चौकोन आठ गुणिले आठ लावले की ८० × ८०. त्याला चारी बाजूंनी ६ इंचांची बॉर्डर लावली की ९२ × ९२. मला हे माप मान्य आहे. रुंदीला इंचभर कमी आणि लांबीला दोन इंच जास्त, पण चारी बाजू सारख्या असल्यामुळे पुढची बेरीज सोपी होते.

२. प्रत्येक मापाला दोन आकडे

वहीत दोन रकाने आखा. एकात ‘पक्कं माप’, म्हणजे शिवून झाल्यावर दिसणारं. दुसऱ्यात ‘कापायचं माप’. फरक आहे तो शिलाईत जाणाऱ्या मायेचा, प्रत्येक कडेला पाव इंच, म्हणजे दोन कडा मिळून अर्धा.

पट्टी: पक्की २, कापायची अडीच इंच.
चौकोन: पक्का १०, कापायचा साडेदहा इंच.
बॉर्डर: पक्की ६, कापायची साडेसहा इंच.

पडताळा घ्या. अडीच इंचांच्या पाच पट्ट्या म्हणजे साडेबारा. पाच पट्ट्यांमध्ये जोड चार, प्रत्येक जोडात अर्धा इंच जातो, म्हणजे दोन इंच गेले. उरले साडेदहा. जमलं.

*सावधान:* एकाच रकान्यात कधी पक्कं तर कधी कापायचं माप लिहिलंत, तर पुढचा प्रत्येक आकडा अर्ध्या इंचाने चुकेल आणि चूक कुठे झाली ते सापडणार नाही. टेपची एक बाजू इंचांची, एक सेंटिमीटरची असते. सेंटिमीटरच्या बाजूवर कागदाची पट्टी चिकटवून ती झाकून टाका.

३. खरेदीआधी एक चौकोन शिवून बघा

घरातल्या जुन्या कापडाच्या अडीच इंची पाच पट्ट्या काढा आणि जोडून इस्त्री करा. मधोमध माप घ्या. बरोबर साडेदहा यायला हवं.

बहुतेकांचं दहा किंवा सव्वादहा येतं. शिलाई पाव इंचापेक्षा जरा आत गेलेली असते, इतकी जरा की डोळ्याला दिसत नाही. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त गेला तरी जोडाच्या दोन्ही कडा मिळून इंचाचा आठवा भाग जातो. चार जोडांत अर्धा इंच. आठ चौकोनांच्या रांगेत चार इंच. मग बॉर्डर जास्त लांब पडते, ओढून बसवली जाते आणि गोधडीचे कोपरे उचलले जातात.

मशीनच्या दाबपट्टीच्या, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, कडेवर विसंबू नका. घरगुती मशीनमध्ये सुईपासून ती कड पाव इंचावर असतेच असं नाही. सुई खाली आणा, सुईपासून पाव इंच मोजा आणि मशीनच्या पाटीवर रंगीत चिकटपट्टी लावा. कापड त्या पट्टीला टेकवून चालवा.

*तपासा:* नमुना चौकोन साडेदहा येईपर्यंत बाजाराची वाट धरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात येतोच.

४. खरा पन्हा किती?

दुकानदार ‘चव्वेचाळीस पन्हा’ म्हणतो तेव्हा ते ताग्याचं नाव असतं. आपल्याला हवा असतो वापरता येणारा पन्हा. किनार दोन्ही बाजूंनी काढावी लागते, कारण तिथलं विणकाम घट्ट असतं, तिच्यावर टाचण्यांच्या भोकांची रांग असते आणि बऱ्याचदा छापही तिथवर पोचलेला नसतो. धुतल्यावर कापड रुंदीलाही थोडं आटतं. म्हणून चव्वेचाळीसच्या पन्ह्यात मी साडेएकेचाळीस धरते, अठ्ठावन्नमध्ये छप्पन्न आणि छत्तीसमध्ये चौतीस.

पाच रंगांचे पन्हे वेगवेगळे असतील तर सर्वांत कमी पन्हा धरून हिशोब करा. पाच पट्ट्या एकत्र जोडायच्या असतात. एक आखूड पडली की सगळ्या तेवढ्यावरच तोडाव्या लागतात.

५. पट्ट्यांचा हिशोब

पाच पट्ट्या लांबीच्या लांबी जोडायच्या, मग तो जोडपट्टा आडवा कापत साडेदहा इंची चौकोन काढायचे. चौसष्ट चौकोन सुटे शिवण्यापेक्षा हे खूप जलद होतं. पण म्हणूनच एका जोडपट्ट्यातून *पूर्ण* चौकोन किती निघतात, यावर सगळं अवलंबून असतं.

आधी चुकीचा हिशोब बघा. प्रत्येक रंगाची ६४ तुकड्यांपुरती पट्टी हवी. ६४ × १०.५ = ६७२ इंच. भागिले ४१.५ म्हणजे १६.२, म्हणून १७ पट्ट्या. १७ × २.५ = ४२.५ इंच कापड. सव्वा मीटर आणू, शिल्लकही राहील.

आता कात्री लावा. साडेएकेचाळीस इंचांच्या जोडपट्ट्यातून पहिला चौकोन साडेदहा, दुसरा एकवीस, तिसरा साडेएकतीस. चौथ्यासाठी बेचाळीस हवेत आणि आपल्याकडे आहेत साडेएकेचाळीस. अर्धा इंच कमी. म्हणजे प्रत्येक जोडपट्ट्यातून दहा इंचांचा एक तुकडा वाया जाणार, आणि चौकोन निघणार तीनच. सतरा जोडपट्ट्यांतून एक्कावन्न. हवेत चौसष्ट.

माझी पहिली मोठी गोधडी अशीच तेरा चौकोनांनी अडली. लेकीच्या बाळासाठी नव्हे, तिच्या संसारासाठी शिवत होते, म्हणून रंग तिला विचारून घेतले होते. पंधरा दिवसांनी मोहरी रंगाचं कापड आणायला पुन्हा गेले, तर तो तागा संपला होता. नवा तागा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली अगदी तोच वाटला. घरी गॅलरीत दोन्ही तुकडे शेजारी धरले आणि नवा हिरवट निघाला. त्या दिवसापासून मी भागाकाराचं उत्तर दोन ठिकाणी तोडते.

बरोबर क्रम असा:

पहिला भागाकार, एका जोडपट्ट्यात चौकोन किती: ४१.५ ÷ १०.५ = ३.९५. *खाली* तोडा, म्हणजे ३. पावणेचार चौकोन अशी काही वस्तू नसते.

दुसरा भागाकार, जोडपट्टे किती: ६४ ÷ ३ = २१.३३. *वर* न्या, म्हणजे २२.

प्रत्येक रंगाच्या पट्ट्या: २२. पाच रंग मिळून ११०.

मग कापड: २२ × २.५ = ५५ इंच. कडा सरळ करण्यासाठी आणि मध्येच पुन्हा सरळ करण्यासाठी ३ इंच, झाले ५८. धुतल्यावर शेकडा ५ आटेल असं धरून ०.९५ ने भागा: ६१. मीटर काढायला ३९ ने भागा: १.५६. म्हणजे प्रत्येक रंगाचं पावणेदोन मीटर, पाच रंगांचं पावणेनऊ.

मीटरमध्ये इंच ३९.३७ असतात. ३९ ने भागलं तर उत्तर किंचित जास्त येतं, आणि इथे जास्तच चांगलं. चाळीसने भागू नका. एका मीटरला फरक जाणवत नाही, अस्तराच्या आठ मीटरला जाणवतो.

आता यातली माझी आवडती युक्ती. आतापर्यंत पट्ट्या आडव्या, म्हणजे पन्ह्यातून काढल्या. पन्हा आपल्या हातात नसतो. लांबी मात्र आपण सांगू तेवढी मिळते. मग पट्ट्या उभ्या, लांबीतून का काढू नयेत?

पाच चौकोनांपुरती लांबी घ्या: ५ × १०.५ = ५२.५, कडांसाठी २, झाले ५४.५. आटण्यासाठी ०.९५ ने भागून ५७.४ इंच. ३९ ने भागून १.४७, म्हणजे दीड मीटर. आता जोडपट्टे किती? ६४ ÷ ५ = १२.८, म्हणजे १३. साडेएकेचाळीसच्या पन्ह्यात अडीच इंची १३ पट्ट्यांना साडेबत्तीस इंच लागतात. नऊ इंच रुंदीचं कापड शिल्लक, त्यात आणखी ३ पट्ट्या निघतात.

म्हणजे पावणेदोनऐवजी दीड मीटर, आणि वर प्रत्येक रंगाच्या तीन पट्ट्या हाताशी. पाच रंगांत मिळून सव्वा मीटर वाचतं. शिवाय उभा धागा कमी ताणला जातो, त्यामुळे लांब पट्ट्या शिवताना लाटा येत नाहीत.

अडचण एकच. कापडावर दिशा असलेला छाप असेल, कुयऱ्या एकाच बाजूला मान टाकून उभ्या असतील किंवा आडव्या रेघा असतील, तर उभ्या पट्टीत ते वेगळं दिसतं. एक पट्टी कागदावर आखून ताग्यावर धरून बघा आणि मग ठरवा.

अठ्ठावन्नचा पन्हा मिळाला तर आडव्या पट्ट्याही छान बसतात. छप्पन्नात पाच चौकोन, १३ जोडपट्टे, साडेबत्तीस इंच अधिक तीन, आटणं धरून एक मीटर.

चौकोनाचं माप बदलूनही बघावं. तीन पट्ट्यांचा सहा इंची चौकोन कापताना साडेसहा असतो. साडेएकेचाळीसमध्ये असे सहा बसतात आणि वाया जातात फक्त अडीच इंच. कापड वाचतं, पण तेरा गुणिले तेरा म्हणजे १६९ चौकोन शिवावे लागतात. नोकरी सांभाळून शिवत असाल तर दहा इंचीच बरा.

*तपासा:* वहीत चार आकडे वेगवेगळे लिहिलेले असायला हवेत: एकूण चौकोन, एका जोडपट्ट्यात चौकोन, जोडपट्टे, प्रत्येक रंगाच्या पट्ट्या. मधला एकही गाळून थेट मीटरवर आला असाल तर परत मागे जा.

*कापड आणून झालंय आणि कमीच पडतंय?* एक्कावन्न चौकोन निघत असतील तर सात गुणिले सात लावा. एकोणपन्नास चौकोन, ७० × ७०. बॉर्डर सहाऐवजी अकरा इंचांची करा, गोधडी पुन्हा ९२ होते. बॉर्डरचं कापड नंतर आणलं तरी चालतं, कारण तिचा रंग आतल्या कशाशी तंतोतंत जुळायची गरज नसते.

६. बॉर्डर आणि गोट एकाच कापडातून

आतला भाग शिवून ८० असतो, पण कडांची माया धरून कापडाचं माप साडेऐंशी. म्हणून बाजूच्या दोन पट्ट्या ८०.५ इंचांच्या. त्या लागल्यावर रुंदी ९२.५ होते, म्हणून वरची-खालची पट्टी ९२.५ ची. चारही सारख्याच लांबीच्या कापणं ही इथली नेहमीची चूक.

गोटासाठी परीघ: ९२ × ४ = ३६८. कोपरे आणि शेवटची गाठ मिळून १५ इंच, म्हणजे ३८३. गोटाची पट्टी अडीच इंच रुंद, दुहेरी दुमडून लावायची. गोधडीच्या कडा सरळ आहेत, त्यामुळे उरेब, म्हणजे कापडावर तिरकी कापलेली, पट्टी लागत नाही. उरेबला कापड खूप जातं. गोलाकार कोपरे केले असतील तरच ती लागेल.

दोन्ही लांबीतून काढा. बॉर्डरच्या चार पट्ट्यांना २६ इंच रुंदी. गोटाच्या पाच पट्ट्यांना साडेबारा. एकूण साडेअडतीस, साडेएकेचाळीसमध्ये बसलं. लांबी ९२.५ अधिक २, आटणं धरून ९९.५ इंच, म्हणजे २.५५ मीटर. पावणेतीन मीटर घ्या. पन्ह्यातून आडवं काढलं असतं तर अडीच मीटरमध्ये भागलं असतं, पण बॉर्डरला जागोजागी जोड आले असते. पाव मीटर जास्त देऊन बिनजोड बॉर्डर मिळते, आणि माझ्या मते ते योग्य आहे.

गोटाच्या पाच पट्ट्या का, चार का नाहीत? गोटाचे जोड तिरके घालायचे असतात, नाहीतर जाड गाठ येते. प्रत्येक तिरक्या जोडात पट्टीच्या रुंदीइतके अडीच इंच जातात. ९५ इंचांच्या चार पट्ट्या म्हणजे ३८०, तीन जोडांचे साडेसात वजा, उरले ३७२.५. हवेत ३८३. चौथ्या कोपऱ्यापाशी गोट संपला असता.

७. अस्तर

अस्तर आणि मधलं भरण वरच्या भागापेक्षा चारी बाजूंनी चार इंच मोठं हवं, म्हणजे १०० × १००. टाके घालताना कापड सरकतं, त्यासाठी ही जागा असते.

चव्वेचाळीसचा पन्हा: दोन पाट, म्हणजे पूर्ण पन्ह्याचे दोन लांब तुकडे, जोडले तर साडेब्याऐंशी, पुरत नाहीत. तीन पाट लागतात. ३०० इंच, आटणं धरून ३१६, म्हणजे ८.१ मीटर, सव्वाआठ घ्या.

अठ्ठावन्नचा पन्हा: दोन पाटांत साडेएकशे अकरा होतात. २०० इंच, आटणं धरून २११, म्हणजे साडेपाच मीटर.

तयार चादर घेणार असाल तर १०८ × १०८ ची घ्या. शेकडा ५ आटली तरी १०२ राहते. ९० × १०८ ची चादर मोठी दिसते, पण एका बाजूने दहा इंच कमीच पडते.

घरात जुनी सुती नऊवारी असेल तर सर्वांत उत्तम. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. तिचे १०८ इंचांचे तीन पाट होतात आणि एका नऊवारीत पूर्ण अस्तर निघतं. ती धुऊन धुऊन आधीच आटलेली असते, त्यामुळे जास्तीचं काही धरावं लागत नाही. पाचवारी साडेपाच मीटरची, तिचे शंभर इंचांचे दोनच पाट होतात, म्हणून दोन साड्या लागतील. साडी उजेडासमोर धरून बघा. बसायच्या जागी विरलेली असेल तर तो भाग पाटाच्या मध्यावर येऊ देऊ नका. काठ जाड असेल तर जोडात घेऊ नका, हाताची सुई तिथे अडते.

८. खरेदीची चिठ्ठी

मंगळदास मार्केटमध्ये किंवा दादरला हिंदमाताला जाताना वही नको, एक चिठ्ठी न्या. गर्दीत वही उघडून बेरीज करणं होत नाही. आपल्या उदाहरणाची चिठ्ठी अशी:

पट्ट्या: पाच रंग, प्रत्येकी दीड मीटर, पन्हा ४४.
बॉर्डर-गोट: पावणेतीन मीटर, पन्हा ४४.
अस्तर: साडेपाच मीटर, पन्हा ५८.
पन्हा ३६ निघाला तर: दीड मीटरमध्ये कसंबसं भागतं. ३४ ÷ २.५ म्हणजे १३ पट्ट्या बसतात, शिल्लक नाही.

शेवटची ओळ फार महत्त्वाची. मनात भरलेला रंग नेमका छत्तीसच्या पन्ह्यात असतो, आणि तिथे उभ्या-उभ्या गणित चुकतं. तेरा पट्ट्या बरोबर बसतात, पण एकही चूक परवडणार नाही, म्हणून अशा रंगाचं मी दोन मीटर घेते.

विचारायच्या त्या तीन गोष्टी. पन्हा किती, आणि टेप लावून दाखवायला सांगा. तागा एकच आहे ना, दोन तुकडे जोडून तर देत नाही. आणि साधं सुती कापड असेल तर ‘फाडून द्या’ म्हणा. फाडलेली कड धाग्यावर सरळ जाते. कात्रीने तिरकं कापलं तर एका टोकाला दीड मीटर आणि दुसऱ्या टोकाला दोन इंच कमी, असं हातात येतं.

सगळे रंग एकाच दिवशी घ्या. ‘आता तीन घेऊ, बाकीचे पुढच्या महिन्यात’ असं केलं की पाचवा रंग आधीच्या चौघांशी भांडतो.

९. धुणं, वाळवणं, पुन्हा मोजणं

प्रत्येक रंग वेगळ्या बादलीत भिजवा. लाल, निळा आणि गडद हिरवा यांचं पाणी बघा. रंग सुटत असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून बघणं ही शेवटची परीक्षा.

पावसाळ्यात मुंबईत कापड दोन दिवस दोरीवर राहूनही दमटच असतं. हाताला कोरडं लागलं म्हणून कापायला घेऊ नका. दमट कापड ताणलं जातं, आणि पट्टी कापून झाल्यावर आखडते. इस्त्री फिरवा, वाफ यायची थांबली की मगच खडू लावा. इस्त्री वरून दाबा, तिरकी ओढू नका.

आता प्रत्येक कापडाची लांबी आणि वापरता येणारा पन्हा पुन्हा मोजा आणि वहीत अंदाजाच्या आकड्याशेजारी खरा आकडा लिहा. लांबी ५४.५ इंचांच्या वर आहे? पन्ह्यात किमान १३ पट्ट्या बसतात? पाचही रंगांसाठी दोन्ही उत्तरं ‘हो’ येईपर्यंत कात्री बाजूला.

१०. कापण्याचा क्रम

मोठं आधी, लहान नंतर. बॉर्डरच्या कापडातून आधी बॉर्डर, मग गोट. उलट केलं आणि गोटाची एक पट्टी वाकडी गेली, तर बॉर्डरची रुंदी गेली. बॉर्डर मात्र पूर्ण लांबीची काढून ठेवा. आतला भाग शिवून झाला की त्याच्या *मधोमध* माप घ्या आणि बॉर्डर त्या मापाला तोडा. कडेवर माप घेऊ नका, कडा ताणलेल्या असतात.

पट्ट्या कापताना एक किनार आधी सरळ काढून टाका आणि त्या कडेपासून मापं घ्या. कापड दुमडून कापत असाल तर पहिली पट्टी उघडून बघा. घडीच्या जागी तिला कोपर आलं असेल, तर घडी सरळ बसलेली नाही. उघडून पुन्हा घडी घाला. दर चार पट्ट्यांनंतर कड पुन्हा तपासा.

मोजणी तोंडी ठेवू नका. माझ्या आत्या पट्टी कापली की वाटीत एक चिंचोका टाकायच्या. मी अजूनही तेच करते. फोन वाजला, दारात कुरिअर आलं, तरी वाटीतला आकडा हलत नाही. तेरा चिंचोके झाले की पट्ट्यांना एक टाचणी, टाचणीला चिठ्ठी: रंग आणि संख्या.

११. शिवताना दोन ठिकाणी थांबा

पहिला जोडपट्टा झाला की पुढचे लगेच शिवू नका. इस्त्री करून रुंदी मोजा: साडेदहा. मग त्यातून पाच चौकोन कापून बघा. पाचवा पूर्ण निघाला, तरच उरलेले बारा जोडपट्टे शिवायला घ्या. पहिली पट्टी वरून खाली शिवली असेल तर दुसरी खालून वर शिवा. सगळ्या एकाच दिशेने शिवल्या की जोडपट्टा धनुष्यासारखा वाकतो आणि त्यातून चौकोन काटकोनात निघत नाहीत.

दुसरं थांबणं सोळा चौकोनांवर. चार गुणिले चारचा पाव भाग जोडून मोजा. माया धरून साडेचाळीस यायला हवा. पाव इंच इकडे-तिकडे चालेल, पण चारही पाव भाग *सारखेच* चुकलेले असले पाहिजेत.

पाव भाग करण्याचं आणखी एक कारण आहे. ९२ इंच म्हणजे साडेसात फुटांहून जास्त. आपल्या खोल्यांत पलंग हलवल्याशिवाय एवढी मोकळी जमीन नसते. चाळीस इंचांचा पाव भाग मात्र स्वयंपाकघराच्या फरशीवरही मांडता येतो. तिन्ही थर एकत्र टाचायच्या दिवशी मात्र पूर्ण जमीन हवी. सोसायटीचा हॉल किंवा गच्ची, आणि गच्ची असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत, वारा सुटायच्या आधी.

उरलेल्या पट्ट्या फेकू नका आणि कपाटातही ठेवू नका. प्रत्येक रंगाची एक पट्टी एका टोकाला जोडून तिचा छोटा तुकडा करा, आणि गोधडी धुवाल तेव्हा दर वेळी तोही सोबत धुवा. पाच-सात वर्षांनी एखादा चौकोन विरला की ठिगळाचं कापड गोधडीइतकंच फिकं झालेलं असेल.